सत्तावीस नंबर

कप एकूण एकेचाळीस होते आणि प्रत्येक कपाला एक कागद.

कागद म्हणजे स्थिती-नोंदीचा छापील तक्ता. बाहेरून कुठलीही कलाकृती दालनात आली की ती खोक्यातून काढायची, पांढऱ्या फोमवर ठेवायची, मोजायची, भिंगाखाली पाहायची, आणि ती आज, या तारखेला, नेमकी कशी आहे ते लिहून खाली सही करायची. उद्या कुणी म्हणालं की हा तडा तुमच्याकडे पडला, तर कागद दाखवता येतो. गेली सतरा वर्षं हे काम जी करत होती, तिला दालनात सगळे डॉक्टर म्हणत. रसायनशास्त्रातली पदवी तिच्याकडे होतीच, पण नाव पडलं होतं मिस्त्रींमुळे. दालनाची खोकी, चौकटी, चबुतरे बनवणारे हे म्हातारे सुतार. चौदा तुकडे झालेली एक बरणी तिने आठ दिवसांत जोडलेली पाहून ते म्हणाले होते, "ही बाई मढ्यालाही उठवून बसवील." तेव्हापासून डॉक्टर.

या वेळचं प्रदर्शन मोठं होतं. समकालीन भारतीय कलेचं, नऊ कलावंतांचं, विषय बदलता समाज. एकाने बंद पडलेल्या कारखान्यातल्या हजेरीच्या बिल्ल्यांचा पडदा विणला होता. एकीने बायकांच्या लग्नाआधीच्या आडनावांच्या पाट्या जमवून त्यांची शिडी केली होती. एका कॅनव्हासवर खरंखुरं डांबर थापलेलं होतं आणि ते अजून पुरतं वाळलेलं नव्हतं. मिस्त्री त्याला नेमके टेकले.

"समाज बदलतोय का ते नंतर बघू," शर्टाची बाही निरखत ते म्हणाले, "मला शर्ट बदलायला लागणार, एवढं नक्की."

आणि हे कप. ते आणणारी कलाकार होती सव्वीस वर्षांची मुलगी. मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी तिचं नाव कपवाली ठेवलं, आणि तिनेही ते हसून घेतलं. तिची आई आयुष्यभर लोकांच्या घरी धुणंभांडी करत आली होती. आईच्या ओळखीतल्या बायकांकडून तिने एकेक कप मिळवला होता. ज्या घरी त्या काम करायच्या, त्या घरात फक्त त्यांच्यासाठी वेगळा ठेवलेला कप. कुणाचा खिडकीत असायचा, कुणाचा सिंकखाली, कुणाचा गॅलरीत झाडूशेजारी. कलाकृतीचं नाव होतं 'बाजूला'.

"उद्घाटनाला पाहुण्यांना चहा यातूनच द्यायचा," कपवाली म्हणाली.

"यातून?" मिस्त्रींनी पिवळा पडलेला एक कप उचलून आत डोकावून पाहिलं. "पितील का गं ते?"

"तेच तर बघायचंय, काका."

"यातले काही तडकलेले आहेत," डॉक्टर म्हणाली. "गरम चहा ओतल्यावर हातात फुटले म्हणजे?"

"म्हणून तर तुमच्याकडे आणले, मॅडम. प्रत्येकाच्या कागदावर खाली एक ओळ वाढवा. चहासाठी योग्य की अयोग्य. आणि अयोग्य असेल तर का."

असली नेमकी मागणी डॉक्टरला आवडायची. नाहीतर कलावंत म्हणजे सगळं मोघम. तिने तक्त्यात ती ओळ वाढवली आणि कामाला लागली. एक नंबरचा कप कपवालीच्या आईचा. कडेला दोन टवके, योग्य. चार नंबरला तळापर्यंत तडा, अयोग्य. अकरा नंबर स्टीलचा, बुडाशी पोचा, योग्य. दिवसाला दहा कप होत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने सत्तावीस नंबरचं खोकं उघडलं.

पांढरा कप, फिकट निळी किनार, किनारीखाली बारीक पानांची वेल. तिच्या घरी कपाटात असे पाच होते. मुळात सहा होते.

पण एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, असं तिने स्वतःला बजावलं. असे संच दुकानांतून हजारोंनी विकले गेले असतील. उंची मोजली, व्यास मोजला, लिहिला. मग कानाच्या सांध्यावरून बोट फिरवलं. बोटाला काहीच लागलं नाही. इतका सफाईदार सांधा की तो आहे हेच कळू नये. ती उठली, खोलीचे पडदे ओढले आणि जांभळ्या किरणांचा दिवा लावला. त्या उजेडात चिनी माती काळसर दिसते आणि जोडकामाची राळ चमकते. कानाच्या दोन्ही टोकांना निळसर पांढऱ्या दोन रेघा उमटल्या.

तिने कप उलटा केला. खालच्या सांध्याच्या आतल्या बाजूला, टाचणीच्या डोक्याएवढं एक टिंब रंगवायचं राहून गेलं होतं.

राहून गेलेलं नव्हतं. सोडलेलं होतं. दुरुस्ती नजरेत भरू नये, पण लपूही नये, असं तिच्या शिक्षकांनी तिला शिकवलं होतं. पुढे जो कुणी ही वस्तू हातात घेईल त्याला कळायला हवं की इथे कुणाचा तरी हात लागला आहे. म्हणून प्रत्येक जोडकामात ती एक टिंब कोरं सोडायची, नेहमी खालच्या सांध्याला, नेहमी आतून. हे टिंब तिच्याशिवाय दुसरं कुणी सोडत नव्हतं.

दिवा तसाच चालू ठेवून ती बसून राहिली.

नऊ वर्षांपूर्वीचा रविवार. धुताना कपाचा कान तुटला होता. दालनात त्याच आठवड्यात दोन भागांची नवी राळ आली होती, आणि ती घरी करून बघायचा तिला मोह झाला. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिने कान जोडला, सांधा घासला, रंग जुळवला. नवऱ्याला भिंग लावूनही रेघ सापडली नाही. लेकीने टाळ्या वाजवल्या. राळेच्या डब्यात बारीक अक्षरातल्या सूचनापत्रकाची एक घडी होती. ती औषधाच्या खोक्यातली चिठ्ठीसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी. ही घडीही तिने वाचली. खाण्यापिण्याच्या भांड्यांसाठी वापरू नये. साठ अंशांच्या वर मऊ पडते. चहा ओततात तो ऐंशीचा असतो. "यातून कुणी पिऊ नका हं," तिने सगळ्यांना सांगितलं.

आणि दुसऱ्या दिवसापासून तो कप स्वयंपाकघराच्या खिडकीत होता. मावशींच्या जागी.

मावशी तिच्याकडे अकरा वर्षं कामाला होत्या. सकाळ-संध्याकाळ यायच्या. लेक तापाने फणफणलेली असताना रात्रभर बसल्या होत्या. घरातलंच माणूस, असं ती सगळ्यांना सांगायची. मग तो कप तिथे ठेवला कुणी? सासूबाईंनी ठेवला असेल. त्यांच्या पिढीला असलं काही खटकायचं नाही. किंवा मावशींनीच आपणहून घेतला असेल, त्यांना नाजूक वस्तूंची हौस होती.

तिने सत्तावीसचा कागद अर्धा ठेवला आणि अठ्ठावीस घेतला.

घरी सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. ती समोर बसली, तिनेही मूठभर शेंगा ओढल्या.

"आई, तो कान जोडलेला कप आठवतो का? निळ्या किनारीचा. मावशींना कुणी दिला होता तो?"

"कुणी म्हणजे? तूच." सासूबाईंचे हात थांबले नाहीत. "मी म्हणत होते, टाकून दे, तुटकं घरात नको. तर तू म्हणालीस, एवढी मेहनत केलीय, टाकायचा कशाला, मावशींना होईल."

"असं म्हणाले मी?"

"इथेच. ओट्याशी उभी होतीस. आता का उकरून काढतेस?"

सासूबाईंची आठवण कोर्टात चालली असती. आणि त्यांनी सांगायच्या आधीच तिला ते ऐकू आलं होतं, स्वतःच्या आवाजात, अगदी सहज, उरलेल्या भाजीबद्दल बोलावं तसं. मावशींना होईल.

"मावशींचा कप ना?" नवरा बाहेरून म्हणाला. "तुझी ती गोष्ट."

तिची गोष्ट अशी होती: दोन वर्षांपूर्वी गुडघे गेले म्हणून मावशींनी काम सोडलं. जाताना त्यांना साडी दिली, पाकीट दिलं. दारात थबकून त्या म्हणाल्या, "ताई, माझा कप नेऊ का?" तिचे डोळे भरून आले होते. अकरा वर्षांची आठवण म्हणून बाईने काय मागावं, तर एक कप! ही गोष्ट तिने मैत्रिणींना सांगितली होती, नणंदेला सांगितली होती, दालनाच्या जेवणात तर दोनदा. दर वेळी शेवटाला आवाज थोडा कातर व्हायचा. आता एकेक प्रसंग आठवून तिचे कान तापले. कोणकोण ऐकून "किती छान" म्हणालं होतं, तेही आठवलं.

"त्या चहा पार गार करून प्यायच्या," नवरा म्हणाला. "आपली लेक म्हणायची, मावशींना सरबतच करून देत जा."

सगळे हसायचे. मावशीही हसायच्या. "मला गारच आवडतो," म्हणायच्या.

हिशेब तिच्या डोक्यात आपोआप झाला, ती थांबवू शकली नाही. कप जोडल्यापासून मावशी जाईपर्यंत सात वर्षं. वर्षाचे तीनशे दिवस धरू. दिवसाला दोनदा. चार हजार दोनशे.

दुसऱ्या दिवशी तिने सत्तावीसचा कागद पूर्ण केला. पूर्वीची दुरुस्ती: आहे. कोणी केली: अज्ञात. कधी: अज्ञात. कशाने: बहुधा कृत्रिम राळ. चहासाठी: अयोग्य. अक्षर नेहमीसारखंच सरळ आलं. सतरा वर्षांत तिने सही केलेल्या कागदांवर चुका असतील, पण खोटं नव्हतं. आता होतं.

क्युरेटर फेरी मारत आला. हे प्रदर्शन त्याने जुळवलेलं होतं आणि उद्घाटन जवळ आल्यामुळे तो दिवसभर कुणाच्या तरी मागे असायचा. त्याने कागदावर नजर टाकली आणि कप उचलून उजेडात धरला. "कान जोडलाय? कुठे? छे! डॉक्टर, हे काम तुमच्या तोडीचं आहे."

"असेल," ती म्हणाली.

मागोमाग कपवाली आली आणि कागद वाचू लागली. "हा अयोग्य का? तडा तर नाही."

"ही राळ गरम चहाने मऊ पडते. चहात काय उतरेल सांगता येत नाही."

"पण राळ कुठली ते माहीत नाही ना? बहुधा लिहिलंय."

"अंदाज आहे."

"म्हणजे पाहुण्यांना एकदासुद्धा द्यायचा नाही."

"एका कपाने कुणाला काही होत नाही," ती म्हणून गेली, "पण आपण धोका का पत्करायचा?"

कपवालीने कागदावरून नजर उचलली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ती फक्त हिशेब जुळवत होती. "आणि ज्यांचा कप आहे त्या रोज प्यायच्या." मग तिने पिशवीतून जाड कागदाची एक पट्टी काढली. "हे त्यांचं बोलणं. प्रत्येक कपाखाली त्या-त्या बाईचं बोलणं लावतेय. आणि बाजूला तुमची नोंद. तुमच्याच अक्षरात, छापून नाही."

"भिंतीवर?"

"हो. तुम्ही इतकं नीट लिहिता ना, की कपाकडे इतक्या नीट आधी कुणी बघितलंच नसेल."

"घरं कुणाची, ते लिहिणार?"

"घरं मी विचारलीच नाहीत. घरं घेऊन काय करू? मला कप हवे होते."

म्हणजे कुणालाही कळणार नव्हतं. ती सुटली होती. तिने पट्टी हातात घेतली.

'कान तुटला होता तो ताईंनी घरीच जोडला. फार हुशार बाई. कळायचंसुद्धा नाही तुटलाय म्हणून. गरम चहा ओतला की औषधासारखा वास यायचा. गार झाला की वास कमी. मग मी गार करून प्यायची सवय लावून घेतली.'

तिने ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा 'फार हुशार बाई'पाशी थांबून पुढे जायला वेळ लागला.

"या बायका येणार आहेत उद्घाटनाला?"

"सगळ्या. त्यांच्यासाठीच तर आहे."

कपवाली गेल्यावर तिने कोरा तक्ता घेतला. दुरुस्ती लपवायची नाही. विद्यार्थ्यांपुढे हे वाक्य तिने इतक्यांदा म्हटलं होतं की त्याची धार गेली होती. तिने नंबर लिहिला, मापं लिहिली. पूर्वीची दुरुस्ती: आहे. कोणी केली: मी, खाली सही करणारीने, माझ्या घरी. कधी: नऊ वर्षांपूर्वी. कशाने: दोन भागांची राळ, खाण्यापिण्याच्या भांड्यांसाठी वापरू नये, अशी सूचना डब्यात होती. मी ती वाचली होती. घरच्यांना यातून पिऊ नका असं सांगितलं होतं. कप कामाला येणाऱ्या मावशींना दिला. त्यांना सांगितलं नाही. चहासाठी: अयोग्य.

अक्षर याही वेळी सरळ आलं, याचीच तिला जास्त लाज वाटली.

क्युरेटरने तो वाचला आणि दार लोटून घेतलं. "हे घरगुती आहे, डॉक्टर. दालनाच्या कागदावर कशाला?"

"तक्त्यात विचारलंय. कोणी, कधी, कशाने."

"लोक नावं ठेवतील. तुम्हालाही, आम्हालाही."

"ठेवतील."

तो थोडा वेळ घुटमळला. "आधीचा कागद बरा होता," असं म्हणून त्याने तो टेबलावर ठेवला. फाडला मात्र नाही.

उद्घाटन संध्याकाळी सहाला होतं. मिस्त्रींनी कपांसाठी लांबच लांब फळी केली होती, खिडकीच्या कट्ट्याएवढीच रुंद. फळीसमोर एकेचाळीस खुर्च्या, त्या बायकांसाठी. त्यांना दालनाचे नवे पांढरे कप, आणि उभ्या पाहुण्यांना फळीवरचे. पाहुणे कप हातात घेऊन आधी आत बघत होते, मग एकमेकांकडे. एका गृहस्थांना कपाची कड रुमालाने पुसताना मिस्त्रींनी पाहिलं.

"साहेब, डॉक्टरांनी तपासलाय. घ्या बिनधास्त," ते मोठ्याने म्हणाले. गृहस्थांनी एक घोट घेतला.

योग्य ठरलेले सगळे कप फळीवरून उचलले गेले. अयोग्यांपैकी सत्तावीस नंबर तिच्या अगदी समोर होता, बाजूला तिचा नवा कागद. कुणी तो वाचत होतं, तिच्याकडे वळून बघत होतं आणि पुढे सरकत होतं. डांबराच्या चित्रापाशी एका ओळखीच्या बाईंनी तिला बघून न बघितल्यासारखं केलं. या बाईंनी ती कपाची गोष्ट ऐकली होती.

मावशी काठी टेकत आल्या. केस पुरते पांढरे झाले होते. फळीपाशी जाऊन त्यांनी कप बघितला, आपलं बोलणं बघितलं, आणि मग शेजारच्या कागदावर बोट ठेवून एकेक शब्द वाचायला लागल्या. ती दोन पावलांवर उभी होती. पुढेही जाववेना, मागेही.

"अक्षर लगेच ओळखलं," मावशी न वळताच म्हणाल्या. "मला चिठ्ठ्या लिहून जायचात ना. पडदे धुवा, फ्रिज पुसा." बोट पुन्हा एका ओळीवर आलं. "हे 'वाचली होती' म्हणजे कधी, ताई? आता की तेव्हाच?"

"तेव्हाच."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो, मावशी."

मावशींनी मान हलवली. कागदावरचं बोट काढून घेतलं. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, माझ्याच नाकात काहीतरी बिघाड आहे. एवढ्या शिकलेल्या घरात कपाला वास कसा येईल?"

माफी तिने पाठ करून आणली होती, तीन वाक्यांची. ती आता पोरकट वाटली. तिने चहाची किटली धरलेल्या माणसाला थांबवलं आणि फळीवरचा सत्तावीस नंबर उचलला. "मी पिते यातून. तुमच्यासमोर."

"ठेवा तो खाली." मावशींचा आवाज चढला नाही. "तुम्ही प्यायल्याने माझं प्यायलेलं परत येणार आहे का? आणि तुम्हीच लिहिलंय ना, अयोग्य. लिहिलंय तेवढं तरी पाळा."

तिने कप जागेवर ठेवला. कान भिंतीकडे गेला होता. तो तिने पुन्हा समोर वळवला.

मावशी खुर्चीत बसल्या, काठी मांडीवर आडवी घेतली. "मला द्या चहा. गुडघ्यांमुळे उठवत नाही."

तिने नवा पांढरा कप घेतला, किटलीतला वाफाळता चहा ओतला आणि दोन्ही हातांनी नेऊन दिला. मावशींनी कप नाकाशी धरला. वास घेतला. मग फुंकरही न घालता पहिला घोट घेतला, लगेच दुसरा. त्या कपाच्या सात वर्षांत तिने त्यांना गरम चहा पिताना कधी पाहिलं नव्हतं. कप बघता बघता रिकामा झाला.

"अजून असेल तर आणा. असाच, कडक गरम."

ती दुसरा घेऊन आली तेव्हा शेजारच्या खुर्चीतल्या बाई मावशींच्या कानाशी लागून विचारत होत्या, "या कोण गं? ओळखीच्या दिसतात."

मावशींनी कप घेतला. कान नीट पकडला, एकदा हलवून बघितला.

"या होय?" त्या म्हणाल्या. "या सत्तावीस नंबर."